नवरीच्या पाठीमागची पट्टी

गावी गेलो की पहिला प्रश्न ठरलेला असतो. "कुवेतात काय करतंस रे, दत्ता?" मी सांगतो, चित्रं टांगतो. समोरचा थोडा वेळ थांबतो. पुढे आणखी काही येईल, कंपनीचं नाव येईल, तेलाची विहीर येईल, म्हणून वाट बघतो. काहीच येत नाही असं दिसलं की चहाचा कप उचलतो आणि यंदा आंब्याला मोहोर कसा आहे ते सांगू लागतो.

तर चित्रं टांगणं म्हणजे काय ते आधी सांगतो. खिळा ठोकणं हे त्यातलं शेवटचं आणि सगळ्यांत सोपं काम. त्याआधी भिंत बोटांनी वाजवून बघायची, आत पोकळ आहे की भरीव. एसीचा झोत कुठे पडतो, दुपारचं ऊन कुठवर येतं, हे दोन-चार दिवस नुसतं बघायचं. पेटीतून चित्र काढायचं ते दोघांनी, हातमोजे घालून आणि तोंड मिटून, कारण बोलणारा माणूस हात हलवतो. पाहुणे चित्राचं तोंड बघतात, मी पाठ बघतो. पाठीवर जुने खिळे, वाळवीची भोकं, कुणीतरी कधीतरी केलेली डागडुजी, सगळं असतं. सुताराला पाठच कळते.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. इथल्या मंगफ भागात एका मराठी इंजिनियरसाहेबांकडे सुट्टीच्या दिवशी त्यांच्या आईवडिलांचा फोटो लावायला गेलो होतो. साहेब आणि बाईसाहेब मिळून त्यांनी मला तो अकरा ठिकाणी धरायला लावला. शेवटी जुना खिळा जिथे होता तिथेच तो लागला. त्यांची मुलगी सोफ्यावरून मान वर न करता म्हणाली, "आय टोल्ड यू." असले किस्से पुष्कळ आहेत आणि ते सांगताना मला मजाही येते. पण इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी लिहायला बसलो आणि तीन दिवस एकच गोष्ट डोक्यात फिरत राहिली. ती सांगताना मजा येत नाही.

मी बावीस वर्षांपूर्वी सुतार म्हणून इथे आलो. कुडाळकडचा मेस्त्री, तीन पिढ्या रंधा हातात. पहिली काही वर्षं दुकानांची फर्निचरं केली. मग फिंतासला समुद्रालगत एका मोठ्या घरी लागलो, तो अजून तिथेच आहे. घर उम्म फैसल यांचं. फैसलची आई असा त्याचा अर्थ, पण आम्ही कामाची माणसं त्यांना मॅडम म्हणतो. त्यांचा चित्रांचा आणि जुन्या वस्तूंचा खासगी संग्रह आहे. माझ्या कार्डावर टेक्निशियन लिहिलंय. प्रत्यक्षात मी चित्रं टांगतो, पेट्या बनवतो, हवेतला दमटपणा मोजतो, आणि घरात कुणाचा वाढदिवस असला की स्टेजही उभारतो.

मॅडम सत्तरीच्या पुढच्या. त्यांना मोडकं हिंदी येतं, कारण त्यांचे आजोबा मोत्यांच्या होडीचे नोखदा होते. नोखदा म्हणजे आपला तांडेल. पाणबुडे समुद्रातून शिंपले काढायचे आणि आजोबा ते मोती विकायला मुंबईला जायचे. नातीला त्यांनी हिंदी आकडे आणि शिव्या दोन्ही शिकवल्या, असं त्या हसून सांगतात.

काही वर्षांपूर्वी त्यांनी एक चित्र घेतलं. इटलीतलं, पाचशे वर्षांपूर्वीचं, पॉप्लर नावाच्या झाडाच्या फळीवर रंगवलेलं. चौदा वर्षांची एक नवरी. एका बाजूने दिसणारा चेहरा, नाण्यावर राजाचा असतो तसा. कपाळ उंच दिसावं म्हणून पुढचे केस काढलेले, तेव्हा तीच फॅशन होती. निळा पोशाख, बाहीच्या काठावर सोनेरी अक्षरं आणि केसांत मोत्यांची माळ. मॅडमनी चित्र घेतलं ते मोत्यांसाठी. त्या काळी युरोपात चांगले मोती आपल्याच आखातातून जायचे, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं. माळेकडे बोट करून म्हणाल्या, "ये पानी हमारा है."

अक्षरांचीही गंमत आहे. ती अरबीसारखी दिसतात. मॅडमनी चष्मा लावून अर्धा तास ती वाचायचा प्रयत्न केला. काहीच अर्थ लागेना. चित्रासोबत इटलीहून आलेल्या लुचियाबाई म्हणाल्या, अर्थ नाहीच. इकडचं रेशीम तिकडे फार श्रीमंतीचं समजलं जायचं, तेव्हा चित्रकाराने त्या कापडावर बघितलेली वळणं नुसती उतरवली आहेत. मॅडम खूप हसल्या.

लुचियाबाई म्हणजे जुन्या लाकडी चित्रांच्या डॉक्टरीण. त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी साधारण सारख्याच दर्जाचं, त्यामुळे आमचं छान जमलं. चित्रकाराचं नाव मी इथे देत नाही, मॅडमना आवडणार नाही. तो एका छोट्या संस्थानाच्या ड्यूककडे नोकरीला होता. लुचियाबाई म्हणाल्या, आज आपण त्याला थोर कलावंत म्हणतो, तेव्हा तो धन्याच्या घरचा माणूस होता. राहायला जागा, वर्षाला अंगरख्याचं कापड, आणि बदल्यात सांगतील ते रंगवायचं. तसबिरी रंगवायच्या, मिरवणुकीचे झेंडे रंगवायचे, घोड्यांच्या झुली, नवरीची कपड्यांची पेटी, बाळाचा पाळणा, एवढंच काय, मेजवानीतल्या साखरेच्या किल्ल्याचा नमुनासुद्धा त्यानेच काढायचा. दुसऱ्या दरबाराने बोलावलं तर धन्याने सोडल्याशिवाय जाता यायचं नाही.

मी म्हटलं, "इकामा!" इथे राहण्याचा परवाना, तो मालकाच्या नावावर असतो. बाईंना मी ते समजावलं. त्या चित्राकडे बघत म्हणाल्या, "मग तुला हा माणूस माझ्यापेक्षा जास्त कळेल."

आणि खरंच, त्या माणसाबद्दल मला जवळीक वाटू लागली. ही तसबीर नवऱ्या मुलाकडे पाठवायची होती. त्याने मुलगी बघितलेली नव्हती. दोन घराण्यांचा तह त्या लग्नावर ठरणार होता. मुलगी बरी दिसली पाहिजे, पण ती तिथे पोचल्यावर फसवलं असंही कुणी म्हणता कामा नये. बाईंनी मला त्या चित्राचा एक खास फोटो दाखवला, त्यात रंगाच्या खालचं पहिलं रेखाटन दिसतं. रेखाटनात नाक चांगलं लांब आहे. वरच्या रंगात ते थोडं आखूड केलंय. किती, तर तांदळाच्या दाण्याएवढं. त्या एका दाण्यासाठी तो माणूस किती घाबरला असेल, हे मला बघताक्षणी कळलं. मीही मुळात घाबरट माणूस आहे.

आता चित्राची पाठ. फळी वाकू नये म्हणून मागे दोन आडव्या पट्ट्या असतात. त्या फळीला चिकटवलेल्या नसतात. लाकडाच्या छोट्या कमानी फळीवर बसवलेल्या असतात आणि त्यांतून पट्टी ओवलेली असते, लेंग्यात नाडी ओवतात तशी. लाकूड दमट हवेत आडवं फुगतं, कोरड्या हवेत आकसतं. तेव्हा फळीला हलायला जागा हवी म्हणून पट्टी मोकळी ठेवायची. हे सगळं मी आज शहाण्यासारखं लिहितोय.

गेल्या वर्षी मॅडमच्या नातीचा साखरपुडा ठरला. नवरीची तसबीर दिवाणियात, म्हणजे पाहुण्यांच्या मोठ्या दालनात लावायची असं त्यांनी ठरवलं. आदल्या आठवड्यात मी आणि ड्रायव्हर मिळून चित्र आतल्या खोलीतून काढलं. उचलताना वरची पट्टी खडखड वाजली. मॅडमनी विचारलं, "ये क्या आवाज है?"

त्या आवाजाने मला लाज वाटली. सुताराला खडखडणारा सांधा म्हणजे भर पंगतीत धोतर सुटल्यासारखं. मनात म्हटलं, कुणा इटालियन सुताराने ढिलं काम करून ठेवलंय, मेस्त्र्याच्या हातून ते तसंच पुढे जाणार नाही. आतल्या खोलीत चित्र पालथं ठेवलं, सागवानाच्या चार बारीक पाचरी तासल्या, पांढरा डिंक लावून कमानीत बसवल्या. दोन्ही पट्ट्या घट्ट. हलवून बघितलं, आवाज नाही. मॅडमना बोलावून दाखवलं. त्या म्हणाल्या, "शाबाश." दिवाणियात चित्र लागलं आणि त्या दिवशी मी फार खूश होतो.

पुढच्या शुक्रवारी मंगफच्या खोलीवर सामंताबरोबर जेवत होतो. सामंत इथल्या एका इस्पितळात प्लास्टर घालायचं काम करतो. सावंतवाडीचा, बोलघेवडा. बांगड्याचं तिखलं वाढताना तो एका रुग्णाची गोष्ट सांगत होता. बाहेरून कुणीतरी हाताला प्लास्टर फार आवळून घातलेलं, बोटं निळी पडलेली.

"अरे, आत सूज येता," सामंत म्हणाला. "तिका येवक जागा ठेवूक होयी. घट्ट म्हणजे चांगला, असा नसता."

माझा हात भातात तसाच राहिला. माझे आबा दरवाजे करायचे. चौकटीच्या खोबणीत फळी बसवताना तिला ते डिंकाचा थेंबसुद्धा लागू देत नसत. लहानपणी मी एकदा हौसेने लावला होता, तेव्हा हातोड्याच्या दांड्याने फटका खाल्ला होता. फळी पावसात फुगते, उन्हात आकसते, कोंडलीस तर तडकेल, असं म्हणाले होते. हे मला माहीत होतं. पण बावीस वर्षं एसीत राहून, प्लायवूड आणि भुशाच्या फळ्या कापून, लाकूड हलतं हेच माझा हात विसरला. न शिकलेल्या माणसाने ही चूक केली नसती, त्याने पट्टीला हातच लावला नसता.

"काय झाला रे?" सामंताने विचारलं.

"काय नाय," मी म्हणालो.

पुढचे सहा दिवस मी तेच म्हणत होतो. काय नाय.

खरं तर रविवारी सकाळी मॅडमपुढे उभं राहून सांगायला हवं होतं. पण मॅडम नातीच्या कपड्यांत, फुलांत, पाहुण्यांच्या यादीत. घरातली सगळी माणसं धावताहेत. अशा वेळी जाऊन सांगायचं, की तुमच्या नवरीचा मी पाठीमागून गळा आवळलाय? मी स्वतःला समजावलं, एसी चालू आहे, हवा कोरडी आहे, साखरपुडा झाला की गुपचूप चित्र काढून पाचरी काढेन. कुणाला कळणार नाही. इकामा आठवला. मुलीचं कॉलेज आठवलं. मी गप्प राहिलो.

पण डोळ्यांना कोण गप्प करणार? दिवसातून वीस वेळा काही ना काही निमित्त काढून दिवाणियात जायचो. कधी भिंत पूस, कधी दिवा बघ. कोपऱ्यातल्या दमटपणाच्या मीटरकडे बघायचो, मग चित्राकडे. चेहऱ्यावरून खाली बोट न लावता नजर फिरवायचो. कुठे रेघ दिसते का? एकदा गालावर रेघ दिसली आणि मी भिंग आणायला धावलो. ती माझ्याच चष्म्यावरची होती.

साखरपुड्याच्या दिवशी समुद्रावरून दमट वारा सुटला होता. तो इथला वारा ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको, शर्ट पाच मिनिटांत अंगाला चिकटतो. तरी संध्याकाळी पाहुण्यांना समुद्र दिसावा म्हणून मॅडमनी दिवाणियाची काचेची दारं उघडायला सांगितली. मीच ती उघडली. तेव्हासुद्धा तोंड उघडलं नाही. बायका येत होत्या, अगरूचा धूर फिरत होता, नात नवरीच्या तसबिरीखाली उभी राहून फोटो काढत होती. मी खांबामागून मीटरचा आकडा चढताना बघत होतो. त्यांना वाटलं असेल, मेस्त्री किती कौतुकाने बघतोय.

दुसऱ्या दिवशी दारं बंद झाली, एसी पुन्हा जोरात सुरू झाला. म्हणजे फुगलेली फळी आता आकसणार, आणि तिला आकसायला मी जागा ठेवली नव्हती. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत मी बायकोला फोन लावला आणि पहिल्यांदा सगळं सांगितलं. तिला चित्राबित्रातलं काही कळत नाही. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

"तुमी गप रवलात म्हणान लाकूड गप रवतला काय?" ती म्हणाली.

मी फोन ठेवला आणि तसाच मॅडमकडे गेलो. त्या चहा घेत होत्या. मी उभ्यानेच सांगितलं. पट्टी, पाचरी, डिंक, सगळं. त्यांनी पेला खाली ठेवला.

"कब किया?"

"दस दिन हुआ, मॅडम."

"गलत है, ये कब मालूम पडा?"

खोटं बोलायला जागा होती. काल, म्हणालो असतो तर चाललं असतं. तांदळाच्या दाण्याएवढं खोटं.

"छह दिन पहले," मी म्हणालो.

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी फोन उचलून लुचियाबाईंना लावला, आणि अर्ध्या तासात आम्ही आतल्या खोलीत होतो. टेबलावर गादी, गादीवर चित्र पालथं, स्टँडवर फोन आणि फोनमध्ये बाईंचा चेहरा. त्यांनी एकच विचारलं, "दत्ता, तुझा हात स्थिर आहे?" मी हो म्हणालो.

पाचर ठोकून काढायची नाही, कारण धक्का रंगाला बसतो. पाणी लावायचं नाही. बारीक छिन्नीने पाचरीचेच तुकडे करायचे, एकेक तुकडा चिमट्याने उचलायचा, उरलेला डिंक पात्याने खरवडायचा. सागवान मी चांगलं निवडलं होतं आणि बसवलंही चांगलं होतं. माझंच चांगलं काम मला दोन तास फोडावं लागलं. मॅडम खुर्ची घेऊन समोर बसल्या होत्या, हातात जपमाळ, मणी सरकत होते. तीन पाचरी निघाल्या. चौथीचा शेवटचा तुकडा सुटला, पट्टी मोकळी झाली, आणि त्याच क्षणी फळीतून आवाज आला. टक्.

फार छोटा आवाज होता. पण मॅडमची जपमाळ थांबली.

ड्रायव्हरला बोलावून चित्र आम्ही दोघांनी सुलटं केलं. चेहरा, मोती, कपाळ, सगळं शाबूत. खाली, बाहीच्या कडेला, सोनेरी अक्षरांमधून दोन बोटं लांब एक चीर गेली होती. केसाएवढी बारीक. मी फोन जवळ नेऊन दाखवला आणि विचारलं, "माझ्या छिन्नीने झाली?"

लुचियाबाईंनी बराच वेळ बघितलं. म्हणाल्या, "नाही. छिन्नी तू नीट चालवलीस. लाकूड दमट हवेत कोंडलं आणि मग कोरडं झालं, त्याने झाली. दारं उघडली त्याच्या आधी पट्टी मोकळी असती तर झाली नसती."

म्हणजे चुकीने नाही झाली. गप्प राहिल्याने झाली. हे वाक्य त्यांनी उच्चारलं नाही, पण मॅडमनी माझ्याकडे बघितलं आणि मी त्यांच्याकडे.

मला वाटलं, आता सामान बांधायचं. मॅडम उठल्या, चित्रावर वाकल्या, मोत्यांच्या माळेवर हवेतच बोट फिरवलं. मग म्हणाल्या, त्यांचे आजोबा होडीवर कायम एक गोष्ट सांगायचे. पाणबुड्या खाली असताना वर एक माणूस त्याचा दोर धरून बसतो. तो दोर ओढायचा नसतो, सोडायचाही नसतो. त्या माणसाला डुलकी लागली तर जाग येताच त्याने ओरडून सांगायचं, मार खायला लागला तरी. "बाद में बोलने से नीचे वाला ऊपर नहीं आता," त्या म्हणाल्या आणि खोलीतून निघून गेल्या.

त्यांनी मला काढलं नाही. का, ते मी कधी विचारलं नाही. महिनाभर माझ्याशी कामाशिवाय बोलल्या नाहीत, आणि ते मला काढून टाकण्यापेक्षा कठीण गेलं. आता बोलतात. दर महिन्याच्या तपासणीला मी चित्र उचलतो तेव्हा त्या दारात येऊन उभ्या राहतात आणि विचारतात, "आवाज है?" पट्टी खडखडते. मी म्हणतो, "है, मॅडम." मग त्या जातात.

एक गोष्ट राहिली. अशा प्रत्येक चित्राची एक फाइल असते. त्यात त्याला आजवर झालेली प्रत्येक इजा लिहिलेली असते, आणि चित्र विकलं, दुसऱ्या देशात गेलं, तरी ती फाइल सोबत जाते. पुढच्या खेपेला लुचियाबाई आल्या तेव्हा त्यांनी त्यात नव्या चिरेची नोंद केली. कारणाच्या रकान्यात त्यांनी सौम्यपणे लिहिलं होतं, हाताळणीतली चूक. मॅडमनी वाचलं आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "नाम," त्या म्हणाल्या.

मी मराठीत लिहिलं. दत्ताराम मेस्त्री, सुतार. त्याखाली, उशिरा सांगितलं, असंही लिहिलं. लुचियाबाईंनी त्याचा अर्थ विचारला आणि इंग्रजीत शेजारी टिपून ठेवला.

त्या दरबारी चित्रकाराने आपल्या चित्रावर सही केलेली नाही. पुढून नाही, मागूनही नाही. नोकर माणसं तेव्हा करत नसत. पाचशे वर्षं झाली, ते चित्र त्याचंच की त्याच्या शागिर्दाचं यावर अजून विद्वान भांडताहेत. माझ्या चिरेबद्दल मात्र कधीच कुणी भांडणार नाही. ती कुणाची, हे सही करून ठेवलेलं आहे.